दोन दारांची गाडी

रविवार, २ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. तुझा खोकला गेला असेल असं धरून चालतो. नसेल गेला तर डॉक्टरांना दाखव, मला नुसतं ‘बरी आहे’ असं लिहून पाठवू नकोस.

फोन का करत नाहीस, असं तू पुन्हा विचारलं आहेस. फोनवर मला मधेच काही सुचेनासं होतं आणि तू तिकडून ‘आहेस का, आहेस का’ करत बसतेस. कागदावर खोडता येतं. आधी कच्चं लिहितो, अडलेले शब्द कोशात बघतो, मग पक्कं उतरवतो. शाळा आठवीत सुटली, पण ऱ्हस्व-दीर्घ सुटलं नाही, ते तू घेतलेल्या शुद्धलेखनामुळे. तेव्हा या पत्रात चूक सापडली तर सांग.

बातमी अशी की मी गाडी घेतली.

थांब, आधी पुढे वाच. गाडी जुनी आहे आणि इटालियन आहे. या प्रकाराला ग्रँड टूरर म्हणतात. दोघांनी लांबच्या प्रवासाला ऐटीत निघावं म्हणून बनवलेली गाडी. पुढचं नाक लांबलचक, बसणं जमिनीलगत. दारं दोनच, पण एकेक दार एवढं लांब की ते उघडायचं तर शेजारच्याची परवानगी घ्यावी लागते. मागे दोन सीटा आहेत, पण त्या निघालेल्या पाहुण्याला ‘जेवूनच जा’ म्हणावं तशा. कोणी खरंच बसेल अशी अपेक्षा नाही.

ही गाडी आमच्या गॅरेजमध्ये पूर्वीपासून येते. मालक दंतवैद्य आहेत. यंदा त्यांनी सीटांचं चामडं बदलायला माझ्याकडे दिली आणि मागच्या सीटा शिवून होतायत तोवर विकायलाच काढली. मी विचारलं, इंजिनात काही आहे का? ते म्हणाले, “इंजिन ठणठणीत आहे रे, गुडघे गेले. बसता येतं, उठता येत नाही. परवा दवाखान्यासमोर एका पेशंटने हात धरून मला बाहेर ओढलं. मी त्याचा दात काढायचा, तर त्याने मलाच काढलं!”

तरी मी सगळं तपासलं. इंजिनाचा पट्टा नवा आहे. दाराखाली थोडा गंज आहे, तो मी घासून रंगवणार. डाव्या बाजूची काच सावकाश चढते, मध्येच थांबून विचार करते आणि मग पुढे जाते. उधारी केलेली नाही, ती काळजी करू नकोस.

आमचे उस्ताद, म्हणजे गॅरेजचे मालक, सगळ्यांसमोर म्हणाले, “लोक बाप झाले की मोठी डिकी बघतात. हा शहाणा नवरदेवाची गाडी घेतोय!” सासूबाई बाळंतपणासाठी आलेल्या आहेत, त्या म्हणाल्या, “जावईबापू, मागे मांजर बसेल हो छान.”

मला भीती होती ती तुझ्या भावजयीची. ती घरसामान हलवणाऱ्या कंपनीत आहे, हे तुला माहीतच आहे. लोकांच्या घरी जाऊन नुसतं बघून सांगते, हा सोफा या दारातून जाईल, ते कपाट जाणार नाही. तिचा अंदाज चुकलेला मी पाहिलेला नाही. ती गॅरेजमध्ये आली, गाडीभोवती चक्कर मारली, पुढची सीट पाडून मागे डोकावली. बाळासाठी आणलेल्या सीटला मी नवं कव्हर शिवत होतो, ती सीट बाकावर होती. तिने त्या सीटकडे पाहिलं, पुन्हा गाडीत पाहिलं. आता बोलणी खावी लागणार, असं मला वाटलं.

ती म्हणाली, “घे.”

“नक्की?”

“घे म्हणते ना.”

मग घेतली.

बाळ बरं आहे. वजन वाढतंय असं सासूबाई म्हणतात. झोपेत हसतो असं तुझी भावजय सांगते. बोटं माझ्यासारखी लांब आहेत असं शेजारची बाई म्हणाली. त्याला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा कसं वाटलं, असं तू विचारलं आहेस. त्याबद्दल पुढच्या पत्रात लिहितो, कागद संपत आला आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. गाडीचा रंग सांगायचा राहिला. हिरवा आहे, पण सावलीत उभी केली की काळीच वाटते. उन्हात आणली की बाटलीच्या काचेसारखी दिसते. मूळ रंग आहे, फक्त डाव्या दाराचा खालचा भाग कोणीतरी नंतर रंगवलेला आहे. बघणाऱ्याला कळत नाही, पण हात फिरवला की कळतं. तिथे रंगाचा थर जरा जाड लागतो.


रविवार, १६ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. खोकल्याचं औषध सुरू केलंस हे चांगलं केलंस. बाटली संपेपर्यंत घे.

तुझं पत्र चारच ओळींचं होतं. ‘कागद संपला म्हणतोस आणि खाली रंगावर एवढं पुराण. मी गाडीबद्दल विचारलं नव्हतं.’ हे वाचून मी पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि दिवसभर तसाच फिरलो.

मी त्याला अजून घेतलेलं नाही.

कच्च्यात हे वाक्य बऱ्याच प्रकारे लिहून पाहिलं. यापेक्षा बरं काही जमलं नाही.

तो वेळेआधी आला, काचेच्या पेटीत होता, हे तुला माहीत आहे. पेटीतून बाहेर काढल्यावर नर्सने माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, “घ्या, बाबा.” मी म्हटलं, मागाहून घेतो. माझ्या हाताला चामडं चिकटवायच्या सोल्युशनचा वास येत होता. दुसऱ्या दिवशी हात धुऊन गेलो, तर बोटाला सुई लागलेली होती. मग घरी आणलं. घरी सासूबाई होत्या, घ्यायला हात होते. एकदा टाळलं की पुढच्या वेळी ते जास्त अवघड होतं. आता तर असं झालंय की मी खोलीत शिरलो की सासूबाई आपणहून त्याला दुसऱ्या खांद्यावर घेतात, मला अडचण नको म्हणून. त्याचा मला राग येतो, आणि बरंही वाटतं.

मी त्याच्याजवळ जात नाही असं नाही. तो पाळण्यात असला की बघत उभा राहतो. टाळू उडताना दिसते. एवढ्या पातळ कातडीखाली सगळं चाललेलं असतं आणि वर काही झाकण नाही. मी रोज गाड्यांची कामं करतो, म्हणून मला असं वाटत असेल. गाडीचं काही बिघडलं तर ते बाहेर काढून बाकावर ठेवता येतं. शिवण उसवली तर पुन्हा घालतो, पहिल्यापेक्षा पक्की. त्याचं तसं काही नाही. मी ही गाडी का घेतली, हे उस्ताद विचारतात, शेजारी विचारतात. घरात एखादी तरी वस्तू अशी हवी होती, जिला हात लावायला मी घाबरणार नाही.

बायको या विषयावर काही बोलत नव्हती. गेल्या आठवड्यात बोलली. सासूबाई महिनाअखेरीस परत जाणार आहेत. ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि घडीकडेच बघत म्हणाली, “आई गेली की मी आंघोळीला गेले तर हा कोणाकडे?”

मी म्हटलं, “पाळण्यात.”

“आणि रडला तर?”

“पाळणा हलवीन.”

ती म्हणाली, “बरं.” तिचं ‘बरं’ तुला माहीत आहे. त्यानंतर दोन दिवस घरात सगळं व्यवस्थित चाललं होतं, आणि तेच वाईट होतं.

म्हणून मी एक युक्ती काढली आहे. बाळाच्या सीटला वर दांडी आहे. सीट पट्ट्यातून सोडवली की बाळासकट टोपलीसारखी उचलता येते. म्हणजे त्याच्या अंगाला हात न लावता त्याला कुठेही नेता येईल. गुरुवारी त्याची तपासणी आहे. सासूबाईंना एवढ्या खाली बसून उठता येत नाही, त्यामुळे आम्ही तिघंच जाणार. गाडीच्या पुढच्या सीटचं चामडं बदलायचं होतं म्हणून मी ती बोल्ट खोलून बाहेर काढली होती. मागे मोकळं होतं, तेव्हाच बाळाची सीट मागे बसवून घेतली. मापं घेतली, कोन पाहिला, पट्टा ताणून पाहिला. इतकी चपखल बसली की मी उस्तादांना बोलावून दाखवली. मग पुढची सीट शिवून जागेवर चढवली. आता गुरुवारी दांडी धरायची आणि उचलायची.

युक्तीचं घरात सांगितलेलं नाही, फक्त तुला लिहितोय.

ताई, मी झालो तेव्हा तू स्वतःच दप्तर घेऊन शाळेत जाणारी होतीस. तरी मला कडेवर घेऊन सगळीकडे हिंडायचीस, असं आई सांगायची. तुला तेव्हा भीती वाटली नाही का? वाटली असेल तर तसं लिही. नसेल वाटली तर काय करायचीस ते लिही.

तुझा,
धाकटा


शुक्रवार, २१ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितोय.

काल तपासणी झाली. निघताना काही अडलं नाही. बायको पुढची सीट पाडून मागे शिरली, पाय आडवे करून बसली, सासूबाईंनी बाळ आत दिलं, तिने त्याला सीटमध्ये ठेवून पट्टा लावला. मी गाडी चालवली. खड्डा दिसला की मी एवढा हळू होत होतो की एका सायकलवाल्याने वळून बघितलं. बाळ झोपलं. लांबच्या प्रवासासाठी बनवलेली गाडी आहे, बसलेला झोपणारच.

दवाखान्याच्या आवारात गाडी लावली. मी उतरलो, फिरून तिच्या बाजूला गेलो, दार उघडलं, पुढची सीट पाडली. आत वाकलो, बाळाची सीट सोडवली आणि दांडी धरून उचलली.

सीट निघेना.

दांडी उभी ठेवली तर टपाला लागत होती, आडवी केली तर पुढच्या सीटच्या पाठीला. पूर्ण कलंडवली असती तर कदाचित निघाली असती, पण आत बाळ होतं. बायकोने त्याला पट्ट्यातून काढून मांडीवर घेतलं. मी रिकामी सीट वाकडी करून पाहिली, उलटी करून पाहिली, तरी निघेना. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी ती आत घातली तेव्हा पुढची सीट गॅरेजमध्ये बाकावर होती. आता तिथे धड हात जायलाही जागा नव्हती.

आमचं लांब दार शेजारच्या गाडीच्या आड आलं होतं. तिचा मालक चावी हातात घेऊन उभा होता. म्हणाला, “होऊ द्या, होऊ द्या सावकाश.” असं कोणी म्हटलं की मला घाम फुटतो.

बायको म्हणाली, “झालं?”

“नाही निघत.”

“माहीत आहे. धर.”

“म्हणजे? तुला आधीच कळलं होतं?”

“कपाट खोलीत जोडून मग दारातून काढायला बघणारे लोक मला रोज भेटतात. या गाडीला दोनच दारं आहेत आणि मागून मूल घेऊन एकट्या बाईला उतरता येत नाही, हे मी पहिल्या दिवशीच पाहिलं होतं.”

“म्हणून ‘घे’ म्हणालीस?”

“धर ना, हात भरून आले माझे.”

मी हात पँटला पुसले. ती म्हणाली, “सकाळपासून धुतोच आहेस. आता कातडी निघेल.” मग हसली आणि तिने त्याला उचलून पुढे धरलं. मला आत वाकावं लागलं. इतकं वाकल्यावर मागे सरायलाही जागा नसते.

“मान,” ती म्हणाली. “हा हात मानेखाली. दुसरा खाली. हां. सोडते.”

आणि तिने सोडला.

तू विचारलं होतंस, तर सांगतो. फोमची गुंडाळी मी रोज उचलतो. हा तिच्यापेक्षा हलका आहे. पण फोम उचलला की तो आपल्यापासून लांब पडायला बघतो. हा आपल्याकडे पडतो. मी सरळ उभा राहिलो, तसा त्याने माझ्या शर्टाला तोंड लावलं, नाक घासलं आणि पुन्हा झोपला. सोल्युशनच्या वासाचं त्याला काही वाटलेलं दिसलं नाही.

मी म्हटलं, “आता तू उतर आणि घे.”

ती मागे टेकून बसली. म्हणाली, “मी जरा इथेच बसते. सीटा फार छान शिवल्यास.”

खरंच बसून राहिली. शेजारचा मालक चावी घेऊन उभा, मी बाळ घेऊन उभा, आणि ही आत सीटच्या शिवणीवरून बोट फिरवत बसलेली. शेवटी त्या माणसानेच विचारलं, “पहिलं का?” मी मान हलवली. तो म्हणाला, “गाडी भारी आहे.” त्या दिवशी पहिल्यांदाच मी गाडी विसरलो होतो.

डॉक्टरांकडे मीच आत नेलं. वजन वाढलंय, हे आता मी सांगतोय, सासूबाई नाही. घरी आलो तर सासूबाई दारात हात पुढे करून उभ्या. बायको म्हणाली, “आई, तू चहा टाक.” त्या आत गेल्या. मग स्वयंपाकघरातून बराच वेळ नाक ओढल्याचा आवाज येत होता.

बाळाची सीट अजून गाडीतच आहे. पुढची सीट खोलल्याशिवाय ती निघणार नाही. उस्ताद म्हणाले, “चार बोल्ट तर आहेत, आण इकडे, आत्ता काढून देतो.” मी म्हटलं, राहू द्या, घाई नाही.

हे पत्र कच्चंच पाठवतोय. दुपार झाली आहे, बायको आंघोळीला गेली आहे. शब्दकोश वरच्या फळीवर आहे आणि उठलो तर हा जागा होईल. चुका दिसतील, त्या तू सुधारून वाच.

तुझा धाकटा,
आणि डाव्या हातावर तुझा भाचा