‘आईसाठी’ नावाच्या फोल्डरबाबत

मी, दिगंबर रामचंद्र आठल्ये, वय ७४, निवृत्त ड्राफ्ट्समन, राहणार अवधपुरी, भोपाळ, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. दबाव आहे तो समोरच्या संगणकाचा, पण तो कायद्यात धरत नाहीत.

१. राहते घर, बँकेतील ठेवी व पत्नीचे दागिने माझा एकुलता मुलगा सत्यजित, राहणार टोरांटो, याला मिळावेत. तो तीन वर्षे माझ्याशी बोललेला नाही, हे या कलमाच्या आड येऊ नये.

२. माझी कंपासपेटी व टी-स्क्वेअर नात रेवा हिला द्यावेत. ती डाव्या हाताने चित्रे काढते. हे मला कोणी सांगितलेले नाही, मी पाहिले आहे. कसे, ते पुढच्या कलमात येते.

३. संगणक माझी पत्नी कै. कमलिनी हिचा. ती असताना सत्यजित दर रविवारी ‘आईसाठी’ या मायलेकांच्या सामायिक फोल्डरमध्ये रेवाचे फोटो टाकी आणि ते आपोआप इथे उतरत. कमलिनी आजारी पडली तेव्हा त्याची नोकरी नवी होती. त्याच्या जिवाला उगाच घोर नको म्हणून मी कळवले नाही, तिलाही कळवू दिले नाही. तो पोहोचला तेव्हा अग्नी देऊन झाला होता. “बाबा, तुम्ही माझी आई माझ्यापासून लपवलीत,” एवढेच बोलला आणि तेराव्यानंतर निघून गेला. चूक माझी होती. तेव्हा कबूल केली नाही, आता करतो.

फोल्डर मात्र त्याने बंद केला नाही. आईच्या नावाने अजून दर रविवारी काहीतरी येते. तिच्या खात्यातून ते मी बघतो, चोरासारखा.

४. कमलिनीचे सिमकार्ड बिनकामाचे समजून मीच बंद करून टाकले. पुढे संगणक दुरुस्तीला आलेली सोनल म्हणाली, “अंकल, ये एक बार लॉगआउट हुआ तो ओटीपी मैडम के नंबर पे ही जाएगा.” फोन लावून पाहिला. तो नंबर आता मंडीदीपच्या कुणा ट्रकवाल्याकडे आहे. संगणक बंद पडून लॉगआउट झाले तर फोल्डर कायमचा गेला, म्हणून तेव्हापासून मी या खुर्चीला बांधलेला आहे. इन्व्हर्टर बसवला, इंदूरला बहिणीकडे गेलो नाही, डॉक्टरांनी सांगितलेले ऑपरेशन दोनदा पुढे ढकलले. शेजारी मिलिंद खानवलकर येता-जाता “फॉरमॅट मारून टाका” असा सल्ला देतात. त्यांना साक्षीदार केले आहे. संगणकाला हात लावण्याचा अधिकार दिलेला नाही.

५. आजवर उतरलेल्या सर्व फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर कपाटात आहे. ती सत्यजितची. जुने हरवायचे नाही, धास्ती आहे ती पुढच्या रविवारची. फोल्डरमध्ये मी स्वतः एकही फाइल टाकलेली नाही. इथून काही गेले की तिकडे लगेच दिसेल, मी बघतो आहे हे त्याला कळेल आणि तो सगळे बंद करील.

६. तरीही सह्या झाल्यावर हा कागद स्कॅन करून मी त्याच फोल्डरमध्ये टाकणार आहे.

सत्यजित, येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. या वेळी आधी कळवतो आहे. फोल्डर बंद करायचा तर कर, तुझा हक्क आहे. मी ऑपरेशनला जाणार आहे, आणि मला भीती वाटते आहे.

स्थळ: अवधपुरी, भोपाळ
शनिवार, १५ फेब्रुवारी २०२५

दि. रा. आठल्ये

आमच्यासमक्ष सही केली:
१. मिलिंद खानवलकर, शेजारी
२. अनुराधा पळशीकर, निवृत्त शिक्षिका, अवधपुरी