पुढच्या चाकाचा पिस्टन

सातपूर, नाशिक
सोमवार

प्रिय रावजी,

पाकीट बघून घाबरू नकोस. घरी सगळे बरे आहेत, वत्सलाचा गुडघा दुखतो तेवढाच. फोन असताना हा म्हातारा पत्र कशाला लिहितोय, असं तुला वाटेल. ते शेवटी सांगतो. चौथी पास माणसाचं अक्षर आहे, सावकाश वाच. तीनदा लिहून फाडलं. हे फाडणार नाही.

आधी तुझ्या गाडीबद्दल. शेखरला गॅरेजची शेड पाडून तिथे वर खोल्या काढायच्या आहेत. पोराचं बरोबर आहे, मी आता काय गॅरेज चालवतो? पण तुझी जपानी मोटरसायकल अठ्ठावीस वर्षं ताडपत्रीखाली उभी, आणि पुढचं चाक जाम. हलेना. शेखर म्हणाला, चार माणसं लावून उचलू आणि भंगारवाल्याच्या टेम्पोत टाकू. तूही फोनवर तेच म्हणालास, की ती अवदसा घालव एकदाची, माझ्या दारूने बायको लंगडी झाली, त्या गाडीचं तोंड बघायचं नाही. मी हो म्हणालो आणि फोन ठेवला. पण मनाने घेतलं, की ही गाडी उचलून जाणार नाही. स्वतःच्या चाकांवर बाहेर पडेल, मगच शेड पडेल. शेखरकडून पंधरा दिवस मागून घेतले.

तुला आठवत असेल, दिंडोरीच्या बागायतदाराकडे तू ड्रायव्हर होतास, त्याच्या मुलाने ती बाहेरून आणलेली. कुणाला दुरुस्त करता येईना म्हणून तुला मिळाली. तेव्हा आपल्याकडे पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक म्हणजे नवलच होतं, लोक वाकून बघायचे. त्या डिस्कला चिमट्यासारखा धरतो तो कॅलिपर. त्याच्या पोटात वाटीएवढा पिस्टन. लिव्हर दाबली की तेलाच्या जोराने पुढे सरकतो आणि डिस्क आवळतो, सोडली की मागे येतो. तुझ्या गाडीचा मागे आलेलाच नव्हता.

दोन दिवस बोल्ट सुटण्यात गेले. लाकडाचा ठोकळा लावून कॅलिपर डिस्कवरून काढला. मग पिस्टनच्या कडेने गंजाचं औषध सोडलं, उकळत्या पाण्यात ठेवला, परत औषध. वत्सला म्हणाली, माझ्या गुडघ्याला एवढं तेल चोळलं असतं तर मी त्र्यंबकला चालत जाऊन आले असते. नाक्यावरचा टायरवाला मनोज रोज येऊन बघायचा. म्हणायचा, बाबा, माझ्या कॉम्प्रेसरची हवा मारा, टणकन बाहेर येईल. तेच तर भय. हवेने पिस्टन गोळीसारखा सुटतो. माझ्या देखत एकाच्या अंगठ्याचं हाड मोडलं होतं. मी नको म्हणालो तर मनोज हसला, म्हणाला, बाबा, तुम्ही रस्ता ओलांडताना रिकाम्या रस्त्यालाही हात दाखवता. खरं आहे. मी भित्राच.

शेवटी ग्रीसगन काढली. तेलाच्या भोकात निप्पल बसवला, दुसरं भोक बंद केलं आणि दाबत गेलो. ग्रीस हवेसारखं उसळत नाही, सावकाश रेटतं. पहिल्या दिवशी काहीच नाही. हाताला फोड आले, फडकं गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी केसभर सरकला. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवण टाकून बसलो होतो, तेव्हा कुरकुरत बाहेर आला आणि माझ्या मांडीवर पडला. पिस्टनवर गंज होता, पण इतका नव्हता की जाम व्हावा. जाम केला होता आतल्या रबराच्या रिंगने. ती फुगून दुप्पट झाली होती, भिजवलेल्या वालासारखी. वयामुळे रबर कडक होतं रावजी, फुगत नाही.

रबर फुगतं ते चुकीच्या तेलाने. हँडलवर ब्रेकच्या तेलाची डबी असते, तिथपर्यंत माझं ग्रीस गेलेलं नव्हतं. तिच्या तळाशी तेल उरलं होतं. वत्सलाची एक वाटी घेतली, त्यात पाणी घेतलं आणि थेंब सोडला. ब्रेकचं तेल पाण्यात मिसळून जातं. हा थेंब तरंगला. दुसरा सोडला, तोही तरंगला. ते इंजिन ऑइल होतं.

ते मी घातलं होतं. वणीच्या लग्नाच्या आधी आठ दिवस तू गाडी घेऊन आलास, म्हणालास, लिव्हर मऊ लागते. तेल कमी झालं होतं. ब्रेकचं तेल माझ्याकडे संपलेलं, पार्टवाल्याचं दुकान बंद, आणि तुला दिंडोरीला मालकाची गाडी काढायची घाई. मापाच्या भांड्यातलं इंजिन ऑइल समोर होतं, तेच ओतलं. तू विचारलंस, चालेल का? मी म्हणालो, तेल ते तेल. डबीच्या झाकणावर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं होतं. मला वाचता येत नव्हतं आणि ते कुणाला विचारायची लाज वाटत होती. त्या तेलाने आठ दिवसांत रबर फुगलं आणि लग्नाहून परतताना बोरगावच्या पुढे उतारावर चाक जागच्या जागी आवळलं आणि तुम्ही दोघं फेकले गेलात. तू लग्नात दोन पेले घेतले होतेस, हे खरं आहे. पण ते चाक शुद्धीतल्या माणसालाही सोडवता आलं नसतं.

एवढ्यावर थांबलो तर पत्र अर्धंच होईल. दवाखान्यात भागीवहिनीच्या पायाला वजनं बांधलेली होती. तिने मला जवळ बोलावलं. तू बाहेर बाकावर बसला होतास. तिने विचारलं, "गोटीरामभाऊ, खरं सांगा, गाडीत काही खोट होती का?" आणि मी म्हणालो, "गाडी ठणठणीत होती, वहिनी." तिने तोंड भिंतीकडे वळवलं. त्यानंतर ती कुठल्याच गाडीवर तुझ्या मागे कधी बसली नाही. चिखलात वाकून भाताची आवणी करणारी बाई बांधावर बसून राहिली, आणि तू माळ घातलीस, तरी घरात दारुड्याच राहिलास. हे सगळं माझ्या एका वाक्याने झालं. तेव्हा मला ठाऊक नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आलो. पण गाडी जीपमधून शेडमध्ये आली, तेव्हा मी ते चाक एकदाही हाताने फिरवून पाहिलं नाही. दुसऱ्याची गाडी असती तर पहिल्यांदा तेच केलं असतं. विकलीही नाही, उघडलीही नाही.

पिस्टन घासला, नवीन रिंग मागवून बसवली, खरं ब्रेकचं तेल घातलं. काल गाडी ढकलत शेडबाहेर आणली. लिव्हर दाबली, चाक थांबलं. सोडली, फिरलं. शेखर आज शेड पाडतोय.

आता पत्र का, ते. रविवारी सकाळच्या एसटीने मी सुरगाण्याला येतो आहे. आधी येऊन सांगेन असं ठरवलं असतं तर मी चहा प्यालो असतो, नागलीच्या पिकाचं विचारलं असतं आणि संध्याकाळच्या गाडीने परत आलो असतो. फोनवरही तेच झालं असतं. म्हणून पत्र आधी पाठवतो, म्हणजे मला मागे फिरायला जागा उरणार नाही. पोस्टातला माणूस म्हणाला, शुक्रवारपर्यंत पोहोचेल. वहिनीला वाचता येत नाही. हे पत्र तिला समोर बसवून मोठ्याने वाचून दाखव. तेलाचं आणि दवाखान्यातलं गाळू नकोस, माझी दया करून तू गाळशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. वाचून झाल्यावर तिला विचार, गोटीरामने घरात यावं की अंगणातूनच परत जावं. ती सांगेल ते मी ऐकेन. पण येणार नक्की.

तुझाच,
गोटीराम