घरच्या बॉलरचा भाव

ता. भिवंडी
रविवार, दि. २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय यूनुस,

सलाम. अम्मीचा गुडघा कसा आहे? जोहाची सहामाही संपली असेल. तय्यबावहिनींना नमस्कार सांग, म्हणजे त्यांनी घेतला तर. आमच्याकडे सगळे बरे आहेत.

पत्र बघून हसशील. दहावीच्या पेपरात 'मित्रास पत्र लिहा' आलं होतं, तेव्हा तू माझ्या मागच्या बाकावरून जसंच्या तसं उतरवलं होतंस, खालच्या माझ्या नावासकट. त्यानंतर मी लिहिलेलं हे पहिलंच. फोन तू उचलत नाहीस, मेसेजवर एकच टिक येते. बुधवारी तुझ्या गल्लीत आलो होतो. फहादने जिन्यातच अडवलं. "भाईजान सो रहे हैं," म्हणाला, दुपारी चार वाजता. मी संत्र्यांची पिशवी पुढे केली, ती त्याने पायरीवर ठेवली आणि दार लावून घेतलं. त्याच्या जागी मी असतो तर पिशवी तोंडावर मारली असती.

टीमची बातमी कुणीतरी सांगितलीच असेल, तरी सांगतो. लिलाव झाला. बैठकीत ठरल्याप्रमाणे बारा लाखांतले साडेचार लाख त्या ओपनरवर गेले, तोच तो काळा चष्मा लावून फिल्डिंग करणारा. पंढरीशेठ खूश आहेत. वडप्याच्या त्यांच्या गोडाऊनच्या भाड्यावर टीम चालते, त्यांना कोण बोलणार? डिसेंबरात स्पर्धा सुरू होतील, म्हणून देवळाच्या ओट्यावर रोज वाद. एक म्हणतो यंदा ट्रॉफी आपलीच. दुसरा म्हणतो, बॅटिंगला एवढे ओतले, शेवटची ओव्हर काय तुझा बाप टाकणार? मग गचांड्या धरतात. परवा दीपेशने बॅटच्या दांड्याने विपुलचं कपाळ फोडलं, तीन टाके पडले. विपुलचा गुन्हा एवढाच, की तो म्हणाला यूनुस नाही तर पहिल्याच राउंडला घरी. तुझं नाव निघालं की हल्ली हात उगारल्याशिवाय बोलणं संपत नाही.

मी वाद घालत नाही. ग्लोव्हज माळ्यावर फेकलेत. गोडाऊनला ड्युटीवर जातो, ट्रक मोजतो, घरी येतो.

तुला एवढंच कळवायचं होतं, की त्या दिवशी जे झालं ते व्हायला नको होतं.

बघ, 'झालं' लिहिलं. जणू वाऱ्याने फांदी पडली आणि कुणाला तरी लागली. असं लिहिलेले दोन कागद चुलीत घातलेत. हा तिसरा आहे. हा तरी नीट लिहितो.

सुरुवात नारळापासून करायला हवी. तुला ठाऊकच आहे सगळं, पण मला ते माझ्या हाताने लिहायचंय. आपल्या टीमची रीत अशी की बाहेरच्याला पाकीट आणि घरच्याला नारळ. बैठकीत यादी वाचतात, बाहेरून आलेल्या प्लेयरच्या नावापुढे रक्कम, गावच्या पोराच्या नावापुढे नुसतं श्रीफळ. गावच्याने गावाकडून पैसे घ्यायचे नसतात. अकरा वर्षांपूर्वी मी तुला पहिल्यांदा आणलं तेव्हा तू भिवंडी शहरातला, गावाबाहेरचा. पाच हजारांचं पाकीट मिळालं होतं तुला, त्यातून तू अम्मीला मिक्सर घेतलास. त्याच वर्षी आपण फायनल जिंकलो आणि पुढच्या बैठकीत मी छाती काढून उठलो. "यूनुस आता बाहेरचा न्हाय. यूनुस आपला हाय." काय टाळ्या पडल्या! पंढरीशेठनी स्वतः नारळ तुझ्या ओंजळीत दिला. तुझे डोळे भरले होते, माझे पण.

त्या दिवसापासून तुला एक रुपया मिळाला नाही. दहा वर्षं! यादीत तुझ्यापुढे ते शून्य मी पाडलं, प्रेमाने पाडलं, आणि मला ते कधी दिसलंच नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. तू तर आमच्याकडे पिकलाही नव्हतास, आम्ही तुला फुकटात पडावं म्हणून आमच्या मळ्यातला म्हणालो.

यंदाची बैठक नऊ तारखेची, रविवारी सकाळी. ओट्यापुढे सतरंजी, देवीसमोर किट मांडलेलं, बॅटींना हळद, स्टंपांना कुंकू. शेठनी यादी वाचली. ओपनरसाठी काढून ठेवलेल्या साडेचार लाखांवर सगळे "वाह" म्हणाले. मग तुझं नाव आणि नारळ. तू उठलास. अकरा वर्षांत तू बैठकीत कधी बोलला नव्हतास.

"शेठ, यंदा मलापण पाकीट द्या. दीड लाख. माझे पॉवरलूम विकले, दुसऱ्याच्या कारखान्यात शिफ्ट करतो. घर चालत न्हाय."

शेठ हसले. "आपला हाय ना रं तू? मंग आपल्याला पाकीट कशाला?"

"आपला हाय, तर गेल्या साली कॅप्टन का न्हाय केलात?"

"कॅप्टन गावचाच पायजे, बाबा."

"मग मी बाहेरचा. बाहेरच्याचा भाव द्या."

यात चूक काय होती, सांग. एक शब्द चूक नव्हता. माझ्याकडे बघितलंस तू. मी फक्त उठून 'बरोबर बोलतोय तो' म्हणायचं होतं. मला मात्र राग आला. वाटलं, मी दिलेला मान हा भर बैठकीत परत करतोय. मी म्हणालो, "पैशासाठी खेळतोस काय रे तू?"

"आणि तू गोडाऊनला काय नमाज पढायला जातोस?" तू म्हणालास, आणि सगळी बैठक हसली. माझ्यावर हसली. शेठ मांडीवर थाप मारून हसले. तू तो नारळ आणून माझ्या पायापाशी ठेवलास. "हा तुझा, मित्या. मी अंबाडीच्या टीमला हो बोललोय."

पुढचं सगळ्यांना माहीत आहे असं सगळ्यांना वाटतं. कुणाल आधी धावून आला आणि त्याने तुझी कॉलर धरली. तू त्याला झिडकारलंस, तो सतरंजीवर आपटला. मग तीस माणसं तुझ्यावर पडली. मी बाजूला होतो असं मी पोलिसांना सांगितलं. विपुलने तुला ओढून काढायचा प्रयत्न केला, त्याच्या पाठीत बॅट बसली. कुणीतरी तुझ्या बरगडीत लाथा घालत होतं, एक, दोन, तीन, मोजल्यासारख्या. धूळ एवढी उडाली की कुणाचा हात कुठला कळत नव्हता. कुणीतरी तुझ्या धर्मावरून शिवी दिली, आणि मी ती ऐकून न ऐकल्यासारखी केली. मग हाड मोडल्याचा आवाज आला आणि गर्दी एकदम मागे सरली. माणसं मागे सरली तेव्हा स्टंप जमिनीवर पडला होता. तो कुणालने उचलला.

कुणालचं तुला माहीतच आहे. पंधरा वर्षांत कधी चौकार मारला नाही, पण गप्पांत रोज शतक. चहाच्या टपरीवर तो स्टंप नाचवत म्हणाला, "मीच फोडला त्याचा हात. अंबाडीवाल्यांना सांगा, मोडका बॉलर घेऊन जा." पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, कुणीतरी व्हिडिओ काढला. तिसऱ्या दिवशी पोलीस त्याला घेऊन गेले. स्टंपवरचं लाल काय आहे ते त्यांना आधी कळेना, कुंकू की रक्त. दोन्ही होतं.

तू जबाबात म्हणालास, धूळ होती, कोण होतं पाहिलं नाही. गावात सगळे म्हणतात, यूनुसने नाव घेतलं नाही म्हणून भिवंडी शांत राहिली, नाहीतर दोन्ही बाजूंची माणसं तयारच होती. शेठ तर म्हणाले, "शेवटी आपलाच पोरगा." पुन्हा आपला! त्या शब्दावर मला त्यांच्या दोन कानशिलात द्याव्याशा वाटल्या. दिल्या नाहीत. शेठना मारायला हिंमत लागते. जमिनीवर पडलेल्या दोस्ताला मारायला लागत नाही.

हं, आलं शेवटी कागदावर.

कुणालची आई, कमळाकाकी, गेले दहा दिवस रोज आमच्याकडे येते. दारात बसते, आत येत नाही. "मितेश, तू हुतास ना तिथं? माझ्या कुणालचं तोंडच चालतं, त्याचा हात कुणावर उठत न्हाय. तू सांग ना सायबांना." मी म्हणतो, बघतो काकी. मृणाली तिला चहा देते आणि माझ्याकडे बघते. काल काकी माझ्या पाया पडायला वाकली. साठ वर्षांची बाई! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर दारात उभा राहून चहा पितोय. मी तिला उठवलं आणि पुन्हा तेच म्हणालो, बघतो काकी.

तर ऐक. तुझा हात मी फोडला.

रागात कुठेतरी लागला असं तुला वाटत असेल तर तसं नाही. मी अकरा वर्षं तुझ्या बॉलिंगला स्टंपमागे बसलोय. बॉल सुटायच्या आधी मला तुझ्या बोटांवरून कळायचं, यॉर्कर येतोय की स्लो. तुझ्या बायकोलाही तुझी बोटं एवढी पाठ नसतील. ती दोन बोटं तू लूमवर तुटलेला धागा जोडायलाही वापरतोस, एका चुटकीत गाठ मारतोस, हे मी कारखान्यात उभं राहून बघितलंय.

मी स्टंप उचलला तेव्हा तुझ्या पाठीत घालणार होतो. तू खाली पडला होतास, तोंडात माती. मान वळवून वर पाहिलंस. मी दिसलो तुला. धूळबिळ काही नव्हती आपल्या दोघांमध्ये. आणि तू म्हणालास, "मित्या, हात नको."

तोवर माझ्या मनात हात नव्हता. तू म्हणालास आणि मला कळलं की कुठे मारायचं. तू पाया पडत नव्हतास, शिव्या देत नव्हतास. तुझा भरवसा होता की निदान मी तरी तिथे मारणार नाही. त्या भरवशाचाच मला संताप आला. मी तीनदा मारलं. पहिल्यांदा बोटं, दुसऱ्यांदा बोटं, तिसऱ्यांदा पंजा. तू ओरडलास ते फक्त पहिल्यांदा.

ऑपरेशन झालं, आत सळ्या घातल्यात, आणि डॉक्टर म्हणाले की मूठ पूर्ण वळणार नाही, हे मला बाहेरून कळलं. त्या रात्रीपासून जेवताना घास घेतला की माझी बोटं वळतात, आणि मला माझीच शिसारी येते.

गुरुवारी कुणी घरी नव्हतं. स्वयंपाकाच्या ओट्यावर मी माझा उजवा पंजा पसरला आणि डाव्या हाताने वरवंटा उचलला. म्हटलं, हिशेब सरळ करू. वरवंटा खाली आला आणि हात आपोआप मागे सरला. पुन्हा ठेवला, पुन्हा सरला. चार वेळा. ओट्याची फरशी फुटली, हाताला ओरखडा नाही. तेव्हा मला प्रश्न पडला, की मग तुझा हात मागे का सरला नाही?

आणि आठवलं. खरं तर विसरलोच नव्हतो. दोन पत्रं ज्यासाठी जाळली ते हेच. तुझ्या मनगटावर माझा पाय होता, यूनुस. हात हलू नये म्हणून मी आधी पाय दिला आणि मग मारलं.

आता लिहायला आणखी काही उरलं नाही.

उद्या सोमवारी सकाळी दहाला मी पोलीस ठाण्यात जातोय. कमळाकाकीला बरोबर नेतोय, म्हणजे वाटेत पाय मागे वळणार नाहीत. मृणालीला सगळं सांगितलं. पायाचं सांगितलं तेव्हा ती उठून आत गेली आणि पोरांना घेऊन माहेरी जाते म्हणाली. मी अडवलं नाही. हे पत्र विपुल आणून देईल, टाके पडलेला असला तरी तुमच्या गल्लीत त्यालाच अजून तोंड आहे.

पोलीस पुन्हा तुझ्याकडे येतील. या वेळी 'पाहिलं नाही' म्हणू नकोस. गावाची काळजी करू नकोस, नाव मी स्वतः सांगतोय, पेटायला निमित्त उरणार नाही. मला आपला समजून वाचवू नकोस. आपला म्हणून काय करतात ते मी तुला दाखवलंय. माफी मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही.

अम्मीला सांग, संत्री मीच आणली होती. फेकून दिली असतील तर बरंच झालं.

तू मातीतून ज्याला नावाने हाक मारलीस तोच,
मित्या