यर्सनची जन्मतारीख

२ डिसेंबर
यंदाच्या करारांच्या सह्यांची यादी आली! अमेरिकेतले बेसबॉल क्लब आमच्या बेटावरची कुठली पोरं उचलणार, सगळं छापून. आमचा यर्सन सदतिसावा. सदतिसावा!! पळण्याचा वेग मोजतात, हाताची ताकद मोजतात — पण वळणारा चेंडू सोडून देण्याची अक्कल कशाने मोजणार? भिंतीपलीकडे राहतो पोरगा. मोज्यांचा चेंडू करून खेळायचा तेव्हापासून पाहतोय. जे काही येतं ते मीच शिकवलंय. बरंचसं.

५ डिसेंबर
यर्सनची आई युडेल्का भिंतीवरून म्हणाली, "काका, वय तपासणारा माणूस येतोय. शेजाऱ्यांनाही विचारणार. नीट सांगा हं." जन्माची नोंद चार वर्षांनी केली, म्हणून संशय. इथे कुणाची वेळेवर होते? माझी सहाव्या वर्षी झाली!

८ डिसेंबर
घात झाला.
फाउस्तोच्या दुकानात डॉमिनो चालू होता. चौकशीवाला आला, इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. मी दरवर्षी सांगतो तेच सांगितलं — निळ्या संघाविरुद्धची ती निर्णायक मॅच, नववा डाव, दोन गडी तळांवर, आणि युडेल्काला कळा! रेडिओ सोडून उठलो, मोटरसायकलवरून सुईण आणली. विजयाचा फटका बसला तेव्हा मी रस्त्यात! केवढा त्याग!
त्याने लिहून घेतलं. मग म्हणाला, "डॉन ओविदियो, त्या मॅचला एकोणीस वर्षं झाली. पोरगा तर सतरा सांगतोय."
लोक स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतात. मी शेजारच्या पोराच्या पायावर मारला.

९ डिसेंबर
रोज भिंतीवरून घेवड्याच्या आमटीचं ताट येतं. आज नाही आलं.
यर्सन दारात उभा राहिला. "आजोबा, एकोणीस वर्षांच्या पोराला कोण घेतं?" रागावला असता तर बरं झालं असतं.

१० डिसेंबर
पेटी उपसली. पन्नास वर्षांच्या वह्या — प्रत्येक मॅच, प्रत्येक डाव. सापडलं पान! यर्सन सांगतो तीच तारीख, सतरा वर्षांपूर्वीची. जसंच्या तसं उतरवतो:
"सातवा डाव. १–९ ने मागे. शेजारी युडेल्काला कळा. कासिल्दा म्हणाली, सुईणीला घेऊन या. म्हटलं, डाव संपू दे. ती पायी गेली. मोटरसायकल अंगणातच. हरलो. मुलगा झाला."
म्हणजे निर्णायक मॅच नव्हतीच. साधी, रटाळ, हरलेली मॅच. आणि मी उठलोसुद्धा नाही.
ती गोष्ट दरवर्षी थोडी थोडी फुगत गेली. मी सांगायला लागलो की माझी बायको कासिल्दा हसून आत जायची. एकदाही माझं पितळ उघडं पाडलं नाही. ती गेल्यावर तर मलाच खरी वाटायला लागली.

११ डिसेंबर
अख्ख्या दुकानासमोर वाचायचं? फाउस्तोसमोर?!

१२ डिसेंबर
वाचलं. उभं राहून.
फाउस्तोने विचारलं, "म्हणजे गाडी अंगणातच?"
"अंगणातच."
"पेट्रोल होतं?"
"होतं."
दुकान खदखदून हसलं. दहा मिनिटं. चौकशीवाल्याने मात्र जुन्या वर्तमानपत्राशी धावा ताडून पाहिल्या, डावामागून डाव. जुळल्या! पानाचे फोटो घेतले. म्हणाला, असा पुरावा आजवर पाहिला नाही.
युडेल्का हसली नाही. माझ्याकडे नुसती बघत राहिली. मान खाली घातली मी. यर्सन म्हणाला, "आजोबा, तुम्ही उठला असतात तर लिहिलं कोणी असतं?"
तिन्हीसांजेला ताट आलं. आमटी खारट होती. मुद्दाम केली असणार. सगळी खाल्ली.

१५ जानेवारी
सही झाली!! आणि क्लब कुठला, तर ज्याला मी चाळीस वर्षं शिव्या घातल्या तोच. त्याची टोपी घालून लिहितोय. घट्ट बसते.
दुकानात फाउस्तोची नवी गोष्ट: "ओविदियो मुद्दामच उठला नाही! पुढे पोराला पुरावा लागेल, हे त्याला तेव्हाच माहीत!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

१६ जानेवारी
कासिल्दाच्या कबरीवर जाऊन आलो. मोटरसायकल अंगणातच होती. पायी गेलो.