पेटत्या कणसानं दिलेली उमेदवारी

ड्राय फोर्क, नेब्रास्का
२० ऑक्टोबर १८९२

तीर्थस्वरूप ओबेड दाजी यांस,
धाकट्या मेहुण्याचा आदरपूर्वक नमस्कार. आपला संधिवात आणि आमच्या लुसिंडाताईचा राग, दोन्ही उतरणीला लागले असतील अशी आशा आहे. (रागाचं कारण मीच, असं कानावर आलंय.)

आपण रिपब्लिकनांतर्फे विधानसभेला उभे आणि शेतकऱ्यांच्या नव्या पक्षातर्फे आपल्याविरुद्ध मी, हे वर्तमान खरं आहे. कसं घडलं ते मलाही नीट उमगलेलं नाही. उमगलं तेवढं लिहितो. शुक्रवारी शाळेत सभा होती. मी गेलो तो थिर्झानं केलेली भोपळ्याची मिठाई पोचवायला (बायकोला मताचा अधिकार नाही, म्हणून तिची सगळी मतं माझ्यावर चालतात). जागा मिळाली शेगडीला खेटून. रेल्वेच्या भाड्यापायी कोळसा महाग आणि त्याच भाड्यापायी मका मातीमोल, म्हणून हल्ली आम्ही शेगडीत कणसंच जाळतो. (रेल्वेवाले आपले स्नेही, म्हणून यावर अधिक लिहीत नाही.) अध्यक्ष ब्लॉजेट दोन तास बोलले: चांदीची नाणी पाडा, रेल्वे सरकारजमा करा, सिनेटर लोकांनी निवडावेत. चांदीनं मका कसा महागेल, हे मी शेजारच्याला विचारलं. तो खेकसला, "गप रे, आत्ता कुठं मला कळायला लागलं होतं!" इतक्यात अध्यक्ष गरजले, "त्या ओबेड पेटिंगिलशी दोन हात करायची धमक कुणात आहे? त्यानं उठावं!" नेमकं तेव्हाच एक कणीस तडकलं आणि पेटता दाणा माझ्या विजारीत शिरला. मी उठलो. उठलो कसला, उडालो, आणि ओरडलोही. त्या ओरडण्यालाच सभेनं भाषण मानलं. टाळ्या थांबल्या तेव्हा माझ्या उमेदवारीचा ठराव होऊन गेला होता. मी म्हटलं, "अहो, मला भाजलंय!" तर ब्लॉजेट डोळे पुसत म्हणाले, "आपण सगळेच भाजून निघालोय, बाबा!"

दाजी, घरचे सगळे विरोधात असताना माझ्या लग्नाला आलात ते आपण एकटे. आपल्याशी भांडून मला राजधानीत बसायचं नाही. माझं मत आपल्यालाच. माघार कशी घेतात, तेवढं कळवावं.

आपला गोंधळलेला,
हायरम

ता. क. पुढल्या शनिवारी आपली-माझी जाहीर वादसभा पक्षवाल्यांनी ठरवून टाकलीय. मजपाशी काळा कोट नाही. आपला जुना धाडाल काय?

पुन्हा ता. क. थिर्झानं पत्र वाचलं. माघारीची ओळ खोडायला सांगत्येय. खोडत नाही, पण उत्तराची घाई नको. काल गोठ्यात भाषण करून पाहिलं. गायी शेवटपर्यंत थांबल्या. कोटाच्या बाह्या ताईकडून दोन बोटं वाढवून घ्याव्यात. जानेवारीत विधानसभा भरते तेव्हा राजधानीत थंडी फार असते म्हणे.