देवाच्या बोकडाला टोचली सुई

२ मे २०२५
टोचला! देवाला सोडलेला बोकड टोचला मी!

पोलादपूरवरच्या डोंगरवाडीत आज आमच्या सेवाभावी संस्थेतर्फे शेळ्यांना लस होती. मी शिकवलेली पूनम, वाडीतलीच सून, पहिल्यांदा एकटीने टोचत होती. छान टोचत होती. मलाच राहवलं नाही. एक मोठा बोकड मोकळा फिरत होता, गळ्यात दावं नाही, कपाळाला हळद. वाटलं, हिच्या नजरेतून सुटला. धरला आणि टोचला — काय ऐट!

पूनमची सासू चंद्राबाई धावत आली. "देवाच्या अंगाला सुई लावलीस गो? डोळे हायत का नाय तुला?"

पूनमने त्याला मुद्दामच टोचला नव्हता. विचारायचं तरी होतं मी तिला.

३ मे
वाडीचा निरोप. सुई वाडीत आली ती पूनममुळे; पूनमने यापुढे सुई धरायची नाय.

५ मे
पुण्याहून आमोदचा फोन. "आई, शाळेतून रिटायर झालीस, आता शेळ्यांतूनही हो. ये इकडे. काय मिळतं तुला तिथे?"

"बघते" म्हणून फोन ठेवला. माझे यजमान शरच्चंद्र गेल्यावर महाडच्या या घरात भांड्याचा आवाजही नकोसा व्हायचा. वेळ जावा म्हणून संस्थेच्या जीपमध्ये चढले. मग पूनम भेटली. पहिली शेळी मी धरली, तिने टोचली. टोचून झाल्यावर अशी हसली पोरगी! त्या हसण्यासाठी मी पुन्हा पुन्हा डोंगर चढले. आणि तिचंच काम घालवलं.

लहानपणी कॉन्व्हेंटात आमच्या सिस्टर बर्नडेट म्हणायच्या, सेवेला जाताना हात स्वच्छ हवेत. स्वच्छच होते की हो, सिस्टर. नको तिथे पुढे झाले.

८ मे
वाडीत गेले. चंद्राबाईंपुढे हात जोडले. "चूक माझी. शिक्षा पूनमला नको."

"माझ्यापुढं काय जोडतेस? बोकड माझा हाय?" मग ताक पुढे केलं. रागातसुद्धा ताक! "रविवारी कौल लावू. देव सांगेल तसं."

निघताना पूनम हळूच म्हणाली, "माझी लशीची पेटी कोणाला देऊ नका हां, बाई."

११ मे
देवाच्या दगडावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी गळली तर होकार. मी लांब उभी. मनात कॉन्व्हेंटातली 'हेल मेरी' प्रार्थना सुरू — हसायचं तर हसू दे देवाला!

पूनमचा कौल — उजवी!

मग माझा लावला. डावी. मी वाडीत पाय ठेवायचा नाही.

पूनमचं काम वाचलं. देवा, तुझे उपकार. पण उतरताना दोनदा मागे वळून पाहिलं. आमोदला कळवलं, खोली तयार ठेव.

१४ मे
सकाळी दार वाजलं. पूनम, पलीकडच्या वाडीतल्या दोन सुना, आणि सगळ्यांत पुढे चंद्राबाई, घामाघूम. "तुला वर यायची बंदी हाय. आमाला खाली यायची नाय. ह्या दोघींना शिकव गो — आणि आधी पाणी दे!"