सातव्या फाटकापाशी

४ फेब्रुवारी, सोमवार

पोचले एकदाची! मेलबर्नहून सहा तास गाडी हाकली, वाटेत दोनदा चहाला थांबले, आणि पाठ अजून जागेवर आहे. मेरिगलला मी आयुष्यात एकदाच आले होते, वीस वर्षांची असताना, तरी गाव पाहताक्षणी ओळखलं. तीच धान्याची उंच कोठारं, तेच एकुलतं एक हॉटेल, आणि कापणी होऊन गेलेली गव्हाची पिवळी रानं थेट क्षितिजापर्यंत. ऊन बेचाळीस डिग्री. तारेवरचे गुलाबी काकाकुवेसुद्धा चोची उघड्या टाकून बसले होते.

लिंडसे प्राउड गेल्या हिवाळ्यात गेला. हे घर आणि त्यात पन्नास वर्षं जमवलेली गाणी त्याने आमच्या लोकगीत मंडळाला दिली. मागची खोली उघडली आणि मला लहान मुलीसारखा आनंद झाला. भिंतभर रेकॉर्डी, पलंगाखाली टेपांचे डबे. मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्यांची, गुरं हाकणाऱ्यांची, त्यांच्या बायकांची गाणी. कुठल्यातरी छोट्या कंपनीने तीनशे प्रती काढल्या, त्या संपल्या, आणि पुन्हा कुणी छापल्या नाहीत. मी सहा आठवडे इथे राहून या रेकॉर्डी धुऊन-पुसून कॉम्प्युटरवर उतरवायच्या आणि मंडळाच्या साइटवर ठेवायच्या, ज्याला हव्यात त्याने घ्याव्यात. निवृत्तीनंतर याहून चांगलं काम कोणतं?

चार वाजता शेजारीण आली, कुंपणाची सैल फळी बाजूला सारून, हातात घरी भाजलेले स्कोन, म्हणजे छोटे गोल पाव, आणि जर्दाळूचा मुरंबा. मी 'मिसेस टेट' म्हणाले तर म्हणाली, तू काय शाळेत आहेस का, डल्सी म्हण. एक स्कोन खाऊन थांबले तर विचारलं, शहरात एवढंच खातात, की माझा स्कोन दगड झालाय? शहाऐंशी वर्षांची आहे. जाता जाता तिने सांगितलं, की ती ॲल्बी गॅरवेची मुलगी. त्याचीच गाणी टेप करायला लिंडसेने तेव्हा मला इथे आणलं होतं.

तिने मला ओळखलं नाही. बरोबरच आहे. तेव्हा ती चुलीपाशी उभी होती आणि मी मान खाली घालून टेपचं यंत्र सांभाळत होते.

५ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळभर रेकॉर्डी धुतल्या. कोमट पाणी, साबणाचा एकच थेंब, मऊ फडकं. मग भांडी वाळवायच्या घोडीवर उभ्या. आमच्या शाळेतल्या सिस्टर ऑगस्टीन बशा अशाच लावायला लावत, एकीचा दुसरीला स्पर्श होता कामा नये. बाईंची आठवण येऊन एकटीच हसले.

डल्सी पुन्हा आली. वडिलांची रेकॉर्ड आधी उतरव म्हणाली. तिची प्रत नवऱ्याने कुणाला तरी ऐकायला दिली ती गेली ती गेलीच. तीस वर्षांत तिने बापाचा आवाज ऐकलेला नाही. म्हणाली, मार्चपर्यंत टिकायची हमी माझं काळीज देत नाही, डॉक्टर तर त्याहून देत नाही. तेव्हा बाबांना रांगेत पुढे घे, पोरी. पासष्टाव्या वर्षी मला कुणी पोरी म्हटलं! मी लगेच हो म्हणाले.

७ फेब्रुवारी, गुरुवार

ॲल्बीची रेकॉर्ड दुपारी लावली. डल्सी समोरच बसली होती, हातरुमालाची घडी घालत आणि मोडत. 'सात फाटकं' हे गाणं आलं आणि ती पुढे सरकली.

पहिलं फाटक उघडं होतं, खोगीर माझ्या खांदी,
घोडा निजला नदीकाठी, वाट उरली लांबी.

गाण्यातला माणूस मेलेल्या घोड्याचं खोगीर खांद्यावर घेऊन घराकडे चालतो. प्रत्येक कडव्यात एक फाटक. सातवं त्याच्या घराचं. त्या कडव्याच्या अखेरीला आवाज हळूहळू बारीक होत जातो आणि रेकॉर्ड संपते.

डल्सी वाट पाहत राहिली. मग विचारलं, आणि बोलणं कुठंय?

तिने समजावलं, जणू मला ठाऊकच नव्हतं. इकडचे जुने गाणारे गाण्याचे शेवटचे शब्द गात नसत, साध्या आवाजात बोलत. पाण्याची बादली खाली ठेवावी तसं. मग ऐकणाऱ्याला कळे की गाणं संपलं, आणि गाणारा पुन्हा आपला ॲल्बी होई, चहा मागे. टेप केलं त्या दिवशी बाबा बोलले होते, ती म्हणाली, शेवटचे शब्द आणि वर माझं नाव. किटली शिट्टी मारील म्हणून मी ती हातात धरून उभी होते, हात भाजला तरी. कुणा शहरी शहाण्याने ते कापलं असेल, हात झडोत मेल्याचे! आणि हसली.

मीही हसले. म्हटलं, टेप संपली असेल कदाचित.

ती गेली तेव्हापासून नुसती बसून आहे. टेप संपली नव्हती. मी कापलं. लिंडसेने रेकॉर्डसाठी टेप जुळवायचं काम माझ्यावर सोपवलं होतं; मी ब्लेड घेतलं, टेपमधला तो बोलण्याचा तुकडा कापला, आणि आवाज विरत जाईल असं केलं. ॲल्बीच्या सहाही गाण्यांचं. लिंडसेने विचारलं तेव्हा म्हणाले, असंच जास्त सुरेख वाटतं. वक्तृत्वाचं पदक मिळवलेली मुलगी होते मी. म्हाताऱ्याचा तो सपाट आवाज, दाताची कवळी वाजलेली, नाकातून ओढलेला श्वास — मला लाज वाटली. त्याची नव्हे. माझे वडील कातरणाऱ्यांच्या छावणीत स्वयंपाकी होते आणि असंच गात. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांनी गाणं म्हटलं, शेवटचे शब्द बोलले, आणि मुली हसल्या. मीही त्यांच्यात हसले. वडिलांनी पाहिलं.

१० फेब्रुवारी, रविवार

चर्चमध्ये प्रार्थनेला गेले, पण पुढे जाऊन प्रसाद घेतला नाही.

'सात फाटकं' शुक्रवारीच साइटवर टाकलं, डल्सीला आवडेल म्हणून. चारशेहून जास्त लोकांनी ऐकलं. एक गोष्ट मात्र विचित्र. रेकॉर्डवर गाणं तीन मिनिटं बारा सेकंदांचं आहे. कॉम्प्युटरवर आज ते पाच मिनिटांचं दिसतं. ऐकून पाहिलं. सातव्या फाटकापाशी आवाज विरत नाही. ॲल्बी मोठा श्वास घेतो, आता बोलणार असा, आणि पुन्हा पहिलं फाटक सुरू करतो.

यंत्राचा दोष असणार. उद्या नव्याने उतरवीन.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

नव्याने उतरवलं. अकरा मिनिटं. आवाज खरखरीत झालाय, घसा कोरडा पडल्यासारखा.

यंत्र बंद केलं, वायर भिंतीतून काढली. भर दुपारचे दोन, पडदे उघडे, खोलीत ऊनच ऊन. गाणं चालूच होतं. मोठ्याने नाही, शेजारच्या खोलीत कुणी काम करता करता गावं तसं. त्या खोलीत गेले तर ते मागच्या खोलीत. पाऊल मात्र ऐकू येतं. ओझं घेतलेल्या माणसाचं.

साइटवर निरोप आलेत. बॅलरॅटच्या एका बाईने लिहिलंय, की तिची आई परवापासून हेच गुणगुणते आहे, जेवतानाही. शेवट कुठे मिळेल? तास्मानियाच्या कुणीतरी नुसतं लिहिलंय: याला थांबवा.

१३ फेब्रुवारी, बुधवार

डल्सीलाही ऐकू येतं. कुंपणापाशी उभी होती, आनंदाने रडत. म्हणाली, बाबा आलेत बघ. मग म्हणाली, दमलेत फार. त्यांना कुणी बसू देत नाहीये.

मग तिने सांगितलं, जे कुणालाच सांगितलेलं नाही म्हणाली. रेकॉर्ड छापून आली तेव्हा ॲल्बीने ती एकदाच ऐकली. त्यानंतर त्याला एकही गाणं संपवता येईना. शेवटच्या शब्दांपाशी यायचा, श्वास घ्यायचा, परत सुरुवातीला जायचा. डॉक्टर म्हणाले, वय झालं. आठ महिन्यांनी इस्पितळात नऊ दिवस नऊ रात्री गात राहिला. पाणी पिता येईना. शेवटी नुसते ओठ हलत होते. त्याला ठाऊक होते ते शब्द, डल्सी म्हणाली, पण सापडत नव्हते. कुणी तरी घेऊन गेल्यासारखे. मी शेजारी होते आणि मलाही आठवेनात. माझ्याच बापाचे, पोरी. तुझ्या टेपांत कुठे सापडतील का गं?

तिने माझा हात धरला होता.

मला ते सगळे आठवतात. अक्षर न् अक्षर. ब्लेड लावण्यापूर्वी ती टेप मी पंधरा वेळा मागेपुढे फिरवली होती. शब्द जिभेवर होते. एवढंच करायचं होतं, की तोंड उघडायचं आणि ते साध्या आवाजात म्हणायचे. पण मग ती विचारणार, तुला कसे ठाऊक?

म्हटलं, शोधते.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

गाणं साइटवरून काढलं. उपयोग नाही. लोकांनी उतरवून घेतलंय, एकमेकांना पाठवलंय. तेच तर हवं होतं आम्हाला.

मूळ टेपचा डबा सापडला. आत कागद, माझं शाळेतलं वळणदार अक्षर: 'शेवटचं बोलणं काढलं आहे. कार्मेल टूही.' खाली रेघसुद्धा मारलीय. कापलेले तुकडे त्याच दिवशी केराच्या टोपलीत गेले, हे मला कागदाशिवायही आठवतं.

मग आज दिवसभर काय केलं? ॲल्बीच्या इतर गाण्यांतून एक एक शब्द उचलून शेवट जोडत बसले. डल्सीला सांगता आलं असतं, टेप सापडली. जोडून वाजवलं. तो मध्येच थांबला. पंचवीस सेकंद पूर्ण शांतता. मग श्वास — आणि पहिलं फाटक. आता त्याच्या आवाजाखाली दुसरेही आहेत. रेकॉर्डवर नसलेले. एका बाईचा. बहुधा बॅलरॅटची.

उद्या सांगेन. सकाळी, पहिली गोष्ट.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी केस विंचरताना लक्षात आलं, मी गुणगुणते आहे. थांबले. थांबता येतं, पण दात घट्ट आवळावे लागतात.

कुंपणापर्यंत दोनदा गेले. दोनदा परत आले. डल्सी दारातच होती, हात हलवला. चहाला ये म्हणाली, स्कोन मऊ झालेत आज. मी मान हलवली, डोकं दुखतंय अशी खूण केली. खोटं. तोंड उघडायची भीती — ते सांगायची आणि हे गाणं बाहेर पडायची, दोन्ही.

वडील मागच्या ओट्यावर बसलेत असं सारखं वाटतं. त्यांचंही गाणं मी —

१६ फेब्रुवारी, शनिवार

डल्सीने गाणं सुरू केलंय. तिसऱ्या फाटकापर्यंत जाते, धाप लागते, पुन्हा पहिल्यापासून. पहाटेपासून, डॉक्टर म्हणाले. त्यांना वाटतं भ्रम. मला विचारलं, तुम्ही शेजारी ना, काही ठाऊक आहे? मी मान हलवली, नाही. तोंड उघडलं असतं तर त्यांनाही कळलं असतं. बाहेर पडताना तेही गुणगुणत होते.

सांगायला गेले होते. खरंच. तिच्यासमोर उभी राहून म्हणाले, डल्सी, ते मी — आणि पुढे शब्द नाही, सूर आला. खोगीर माझ्या खांदी. तिने माझ्याकडे पाहिलं. गात होती, पण डोळे तिचेच होते, अगदी शुद्धीवर. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत गात राहिलो.

परवापर्यंत बोलता येत होतं मला. बुधवारी तर येतच होतं.

१७ फेब्रुवारी, रविवार

तिच्या पलंगाशेजारी बसून लिहिते आहे. दुपारचा एक. ओठ निळे पडलेत तिचे. अजून ऐकू येतं तिला, मी हात दाबला की दाबते.

बोलता येत नाही, पण लिहिता येतंय. तिच्या डोळ्यांसमोर वही धरीन. ती वाचील आणि मनात म्हणेल, मग खाली ठेवता येईल. तिला. त्यांना. सगळ्यांना.

डल्सी. मी कापलं. कार्मेलने. टेप संपली नव्हती. तुझे बाबा सुरेख बोलले होते, मलाच लाज वाटली. हात झडोत म्हणालीस ते माझे. आता वाच. ते सातव्या फाटकाशी आले, थांबले, खुर्ची मागे सारली, आणि तुझ्याकडे बघून म्हणाले —

म्हणाले, पहिलं फाटक उघडं होतं

नाही. हे नाही. पुन्हा. वाचते आहेस ना, डल्सी, थांब जरा, मला येतात ते, मला येतात. ते तुझ्याकडे बघून म्हणाले — पहिलं फाटक उघडं होतं, खोगीर माझ्या

थांब. हात दाब माझा. दाब ना. डल्सी, ते म्हणाले —

पहिलं